चोरनायक आणि वाचक : एका प्रतिसादाचे स्वरूप

१

चोरीचा निषेध आणि चोराच्या कथेची आवड ह्या दोन गोष्टी एकाच समाजात, किंबहुना एकाच वाचकाच्या ठिकाणी, सुखाने नांदताना दिसतात. रात्री दाराची कडी दोनदा तपासून पाहणारा गृहस्थच अंथरुणावर पडल्यावर कादंबरीतील तिजोरी उघडते की नाही ह्या चिंतेने पाने उलटीत असतो. ह्या विसंगतीची दोन सोपी उत्तरे समीक्षेत रूढ आहेत. पहिले उत्तर असे की, अशा कथा हीन अभिरुचीवर पोसतात आणि ती अभिरुची आणखी हीन करतात. दुसरे उत्तर असे की, ही निव्वळ करमणूक असल्याने तिला नीतीचे प्रश्न विचारणेच अप्रस्तुत होय. ही दोन उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. वाचकाची प्रतिक्रिया प्रत्यक्षात कशी घडते, हे न पाहताच ती दिलेली आहेत.

प्रस्तुत विवेचनाचा विषय मर्यादित आहे. गुन्हेगारीच्या कथांपैकी ज्या कथांत चोरी हा नायकाचा व्यवसाय आहे, अशाच कथा येथे विचारात घेतल्या आहेत. भुकेपोटी पाव चोरणारा नायक करुणेचा विषय असतो. त्याच्याविषयी वाचकाच्या मनात द्वंद्व उत्पन्न होत नाही. धंदेवाईक चोराची गोष्ट वेगळी. त्याच्यापाशी गरजेची सबब नाही, आणि तरीही वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो.

रहस्यकथेहूनही ही कथा रचनेने भिन्न आहे. रहस्यकथेत गुन्हा आरंभी घडून गेलेला असतो व वाचक मागे वळून त्याचा माग काढतो. चोरनायकाच्या कथेत गुन्हा पुढे असतो. बेत आधी कळतो, आणि तो तडीस जातो की नाही ह्याकडे वाचकाचे डोळे लागतात. पहिल्या प्रकारात वाचक पंचाच्या जागी बसतो, दुसऱ्यात तो कटात सामील होतो. ह्या सामील होण्याचे स्वरूप तपासणे हा येथील हेतू आहे.

२

ह्या प्रतिसादाचे पृथक्करण करण्यासाठी पाश्चात्त्य कादंबरीपर्यंत जाण्यापूर्वी एका जुन्या नाट्यकृतीकडे पाहणे उपयुक्त ठरते. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ देवलांच्या नाट्यरूपामुळे मराठी प्रेक्षकाच्याही परिचयाचे आहे. त्याच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताचे घर फोडतो. तो हे काम एखाद्या शास्त्राच्या विद्यार्थ्याप्रमाणे करतो. भिंतीची वीट पक्की की कच्ची, भगदाड कमळाच्या आकाराचे असावे की पूर्णकुंभाच्या, ह्याचा तो विचार करतो. मोजण्याची दोरी विसरली म्हणून गळ्यातील यज्ञोपवीताचाच दोरीसारखा उपयोग करतो. स्त्रीच्या अंगावरील दागिने, दाईच्या मांडीवरील मूल अशा गोष्टींना आपण हात लावीत नाही, असे समर्थनही त्याच्यापाशी आहे.

शूद्रकाने ह्या चोरीबरोबर तिच्यावरच्या प्रतिक्रियाही नाटकातच ठेवल्या आहेत, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्या चोरीहून अधिक महत्त्वाच्या आहेत. चारुदत्त जागा होतो तेव्हा त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ते भगदाडाचे सौंदर्य. त्यानंतर त्याला खंत वाटते ती ही की, एवढे श्रम करणारा चोर ह्या दरिद्री घरातून रिकाम्या हाताने परत गेला असेल. काहीतरी गेले आहे असे कळताच त्याला बरेच वाटते. परंतु गेलेली वस्तू म्हणजे वसंतसेनेची ठेव होती हे समजताच तो मूर्च्छित होतो. पुढे चौथ्या अंकात शर्विलक ते अलंकार मदनिकेपुढे ठेवतो, तेव्हा तिचा पहिला घोर निराळाच असतो : त्या घरात कोणाला इजा तर झाली नाही ना?

येथे तीन प्रतिक्रिया स्पष्टपणे वेगळ्या झालेल्या आहेत. पहिली कौशल्याविषयीची : काम किती सुबक झाले? दुसरी फलाविषयीची : ज्याने श्रम केले त्याला काही लाभले का? तिसरी अपायाविषयीची : ह्यात कोणाचा विश्वास मोडला, कोणाला जखम झाली? चोरनायकाच्या कोणत्याही कथेचा वाचक हे तीन प्रश्न विचारतो, आणि बहुधा ह्याच क्रमाने विचारतो. चोरी नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न तो उघडपणे विचारीत नाही. ह्यावरून त्याची नीतिबुद्धी निद्रिस्त झाली असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. ती तिसऱ्या प्रश्नाच्या आश्रयाला गेलेली असते. लेखक हा तिसरा प्रश्न कसा हाताळतो, ह्यावर त्या त्या कृतीचे मूल्य पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

३

आधुनिक इंग्रजी कथेत ह्या परंपरेचा ठळक आरंभ ई. डब्ल्यू. हॉर्नंग ह्याच्या रॅफल्सपासून होतो. ‘द अमॅच्युअर क्रॅक्समन’ हा त्याचा पहिला कथासंग्रह १८९९ साली प्रसिद्ध झाला. हॉर्नंग हा शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल ह्याचा मेहुणा, आणि हा संग्रह त्याने डॉइललाच अर्पण केला होता. होम्स आणि वॉटसन ह्यांच्या जोडीचा साचा त्याने उलटा करून घेतला. बुद्धिमान नायक आणि त्याच्या पराक्रमाची हकीकत सांगणारा भाबडा मित्र ही रचना तीच. फक्त पराक्रम कायद्याच्या पलीकडच्या बाजूचा.

रॅफल्स हा लंडनच्या आल्बनीसारख्या प्रतिष्ठित ठिकाणी राहणारा, नामवंत क्रिकेटपटू. जुगारात कर्जबाजारी झालेला त्याचा शाळेतील धाकटा सोबती बनी त्याच्याकडे मदत मागावयास येतो, आणि त्याच रात्री बाँड स्ट्रीटवरील जवाहिऱ्याच्या दुकानफोडीत भागीदार होतो. बनी हा निवेदक आहे एवढेच त्याचे कार्य नाही. तो कचरतो, लाजतो, पश्चात्ताप करतो आणि तरीही रॅफल्सच्या मागे जातो. वाचकाची नैतिक कुचंबणा हॉर्नंगने अशा रीतीने एका पात्राच्या स्वाधीन केली आहे. बनी वाचकाच्या वतीने लाजत असल्यामुळे वाचकाला स्वतः लाजण्याचे प्रयोजन उरत नाही.

शीर्षकातील ‘अमॅच्युअर’ हा शब्द इंग्रजी क्रिकेटमधून अर्थ घेऊन आलेला आहे. त्या खेळात ‘जेंटलमेन’ म्हणजे हौशी, आणि ‘प्लेअर्स’ म्हणजे वेतन घेणारे, असा भेद होता, आणि त्या दोन पक्षांचा सामना प्रतिवर्षी होत असे. रॅफल्सच्या एका कथेला ह्याच सामन्याचे नाव आहे, आणि तीत खराखुरा धंदेवाईक चोर त्याच्यासमोर उभा केलेला आहे. रॅफल्स चोरीवर जगतो. अर्थाने पाहता तोही धंदेवाईकच. परंतु त्याला, आणि त्याच्या वाचकालाही, हे कबूल करावयाचे नाही. खालच्या वर्गातील घरफोड्याविषयी वाचकाला जी घृणा वाटली असती, ती ‘हौशी’ ह्या शब्दाने अडवून धरली आहे.

डॉइलची प्रतिक्रिया ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ह्या कथांचे गुण मान्य केले, मात्र गुन्हेगाराला नायक करणे धोक्याचे आहे असा आक्षेप नोंदविला. मेहुण्याच्या लेखनाचा गौरव आणि त्याविषयीची अस्वस्थता ही दोन्ही एकाच ठिकाणी आली आहेत. डॉइल हा येथे केवळ प्रतिस्पर्धी लेखक नव्हे. कौशल्याच्या प्रश्नाला होकार देऊन मग थबकलेला तो एक वाचकच आहे.

हॉर्नंगलाही ही अस्वस्थता ठाऊक असावी असे कथांच्या शेवटावरून दिसते. १९०१ च्या ‘द ब्लॅक मास्क’ ह्या दुसऱ्या संग्रहाच्या अखेरीस रॅफल्स दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात लढताना मरतो. चोरीचे प्रायश्चित्त देशासाठी दिलेल्या प्राणांनी होते. परंतु वाचकाला हे प्रायश्चित्त हवे होते असे म्हणावे, तर १९०५ मध्ये हॉर्नंगला रॅफल्सच्या पूर्वायुष्यातील कथांचा आणखी एक संग्रह आणि १९०९ मध्ये एक कादंबरी का लिहावी लागली, ह्याचे उत्तर द्यावे लागते. हॉर्नंगच्या मृत्यूनंतरही बॅरी पेरोन ह्याने रॅफल्सच्या कथा पुढे चालविल्या. एका बाजूने शिक्षा झाली म्हणून समाधान आणि दुसऱ्या बाजूने नायक परत हवा म्हणून आग्रह, अशी ही दुहेरी मागणी आहे. दोन्ही मागण्या प्रामाणिक आहेत, हेच तिचे वैशिष्ट्य.

४

रॅफल्सच्या वाचकाविषयी सर्वांत मार्मिक लिखाण जॉर्ज ऑर्वेलने केले. ऑक्टोबर १९४४ च्या ‘होरायझन’ मासिकातील निबंधात त्याने रॅफल्सची तुलना जेम्स हॅडली चेसच्या १९३९ मधील ‘नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश’ ह्या कादंबरीशी केली. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा. रॅफल्सला धर्म नाही, खरी नीतीही नाही. परंतु काही गोष्टी ‘करावयाच्या नसतात’ हे त्याला ठाऊक आहे. सभ्य गृहस्थाच्या ह्या संकेतांचे कुंपण त्याच्या कथेला आहे. चेसच्या कादंबरीत तेही कुंपण नाही. तेथे केवळ बळाची पूजा आहे, आणि त्या काळच्या हुकूमशाही राजकारणाची मानसिक छाया ऑर्वेलला तीत दिसली.

ऑर्वेलच्या प्रतिपादनाचे सामर्थ्य असे की, त्याने वाचकाच्या सुखाला गंभीरपणे घेतले. लोक काय मिटक्या मारीत वाचतात ह्यावरून काळाची प्रकृती कळते, हे त्याचे गृहीत आहे, आणि ते मान्य करण्याजोगे आहे. परंतु त्याच्या मांडणीत एक उणीव राहते. नायकाने पाळलेले संकेत हीच त्याच्या मते कथेची नैतिक सामग्री. नायक संकेत पाळीत नसेल तर कथा नीतिशून्य, आणि कथा नीतिशून्य तर वाचकही तसाच, अशी ही साखळी आहे. नायकाच्या अंगी जे नाही ते वाचकाकडून मागणारी कथा असू शकते, ही शक्यता तीत धरलेली नाही. ती शक्यता ऑर्वेलनंतर अठरा वर्षांनी अमेरिकेत पुढे आली.

मध्यंतरीच्या काळात वाचकाची संमती मिळविण्याचा आणखी एक मार्ग रूढ झाला होता, त्याचा येथे उल्लेख अवश्य आहे. मॉरिस लब्लांच्या आर्सेन ल्यूपँची पहिली कथा १९०५ साली फ्रेंच मासिकात आली. ल्यूपँ श्रीमंतांना लुटतो, दुर्बलांना हात देतो आणि पोलिसांची फजिती करतो. मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे ‘काळा पहाड’ व ‘झुंजार’ ह्याच कुळातील आहेत. कायद्याबाहेर राहून दुष्टांचे पारिपत्य करणारा हा नायक वाचकाला तिसरा प्रश्न पडूच देत नाही. कारण अपाय ज्याला होतो तो त्यास पात्रच असतो. अर्नाळकरांच्या पुस्तकांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. तथापि ह्या जातीच्या कथेत नायकाची चोरी ही न्यायदानाचीच एक शाखा होते. तेथे वाचकाला द्वंद्व उरत नाही, आणि म्हणून प्रस्तुत प्रश्नावर तिच्याकडून फारसा प्रकाश पडत नाही.

५

डोनाल्ड ई. वेस्टलेक (१९३३–२००८) ह्या अमेरिकन लेखकाने ‘रिचर्ड स्टार्क’ ह्या टोपणनावाने १९६२ साली ‘द हंटर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक पार्कर. त्याला पहिले नाव नाही. त्याला विनोद नाही, छंद नाही, बालपणाच्या आठवणी नाहीत. पत्नी आणि साथीदार ह्यांनी दगा देऊन मेला म्हणून सोडून दिलेला हा चोर न्यूयॉर्कला परततो, आणि आपल्या वाट्याचे पंचेचाळीस हजार डॉलर एका बलाढ्य गुन्हेगारी संघटनेकडून वसूल करतो. सूडाचा आवेश कथेच्या आरंभी असला तरी पुढे तो मागे पडतो, आणि हिशेब उरतो. संघटनेच्या वरिष्ठांना पार्करचे गणितच उमगत नाही. इतक्या अल्प रकमेसाठी एवढा अट्टहास कशाला, असे त्यांना वाटते. पार्करला मात्र एक डॉलर कमी नको आणि एक जास्तही नको.

इंग्लंडच्या क्रिकेटमधील हौशी आणि धंदेवाईक हा भेदही ह्याच वर्षी, १९६२ मध्ये, रद्द झाला. हा निव्वळ योगायोग होय. तथापि दोन नायकांमधील अंतर दाखविण्यास तो सोयीचा आहे. पार्करला कोणत्याही शब्दाआड लपावयाचे नाही. चोरी हा त्याचा धंदा आहे, आणि तो धंद्याच्या नियमांनीच चालतो. अकारण माणूस मारू नये, कारण खुनाचा तपास पोलीस अधिक नेटाने करतात. साथीदाराला फसवू नये, कारण मग पुढील कामासाठी माणसे मिळत नाहीत. हे नियम ऐकावयास नीतीसारखे वाटतात, पण त्यांच्या मुळाशी केवळ व्यवहार आहे.

ह्या कादंबरीच्या इतिहासात वाचकाच्या प्रतिक्रियेचा एक असा पुरावा आहे की जो क्वचितच हाती लागतो. वेस्टलेकने स्वतः अनेकदा सांगितल्याप्रमाणे, मूळ हस्तलिखिताच्या शेवटी पार्कर पोलिसांच्या हाती लागत होता. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे हा प्रकाशनव्यवहारातील संकेत त्याने गृहीत धरला होता. पुस्तक एकटेच राहणार असल्याने नायकाला लोभस करण्याचाही प्रयत्न त्याने केला नव्हता. पॉकेट बुक्स ह्या प्रकाशनसंस्थेचे संपादक बकलिन मून ह्यांनी हस्तलिखित वाचले आणि विचारले की, पार्करला निसटता येईल काय, आणि त्याच्यावर वर्षाला तीन पुस्तके देता येतील काय? लेखकाने शेवट बदलला. त्यातून १९६२ ते १९७४ ह्या काळात सोळा कादंबऱ्या निघाल्या. तेवीस वर्षांच्या खंडानंतर १९९७ मध्ये पार्कर परत आला, आणि २००८ पर्यंत आणखी आठ कादंबऱ्या झाल्या.

मून ह्यांच्या मागणीत व्यापार होता हे उघड आहे. परंतु व्यापारी दृष्टीने पाहिले तरी प्रश्न उरतोच : लोभस न केलेल्या, कुणावर दया न करणाऱ्या ह्या नायकाने सुटावे असे पहिल्याच वाचकाला का वाटले? रॅफल्सचा थाट त्याच्यापाशी नाही, ल्यूपँचे औदार्य नाही. उरते ते केवळ काम. स्टार्कच्या गद्यात काम म्हणजे क्रमाने केलेल्या कृती. माणसे जमविणे, पैसा उभा करणे, गाडी मिळविणे, पहारेकऱ्याच्या वेळा टिपणे, निसटण्याचा रस्ता आधी फिरून पाहणे. १९६४ च्या ‘द स्कोअर’ मध्ये तर एका खाणगावावर रातोरात कबजा करून ते समूळ लुटण्याचा बेत आहे. जूल्स दासँच्या १९५५ मधील ‘रिफिफी’ ह्या फ्रेंच चित्रपटात घरफोडीचा सुमारे अर्ध्या तासाचा भाग संवादावाचून आणि संगीतावाचून चालतो, आणि प्रेक्षक श्वास रोखून तो पाहतो. तेथेही आकर्षणाचे केंद्र हेच आहे. काम कसे करावे हे जाणणारा माणूस काम करताना पाहण्यात एक मूलभूत सुख आहे. कचेरीत, कारखान्यात, संसारात ज्याचे श्रम दुसऱ्याच्या चुकीने वाया जातात, त्याला हे सुख अधिकच जाणवते. पार्करच्या योजना बहुधा साथीदाराच्या लोभाने किंवा मूर्खपणाने फसतात, ही गोष्ट ह्या दृष्टीने बोलकी आहे. वाचकाचा राग तेव्हा कायद्यावर नसतो, काम बिघडविणाऱ्यावर असतो.

ह्या रागाचे तोंड किंचित फिरले की काय होते, हेही वेस्टलेकनेच दाखविले. एकच रत्न पुन्हा पुन्हा चोरावे लागते अशी कल्पना घेऊन तो पार्करची कादंबरी लिहावयास बसला. पण प्रसंग हास्यास्पद होऊ लागले. पार्करला हास्यास्पद होणे परवडणारे नव्हते. तेव्हा त्याने नायकच बदलला, आणि १९७० साली ‘द हॉट रॉक’ मध्ये डॉर्टमंडर हा सदैव दुर्दैवी चोर जन्माला आला. साहित्य तेच, व्यवसाय तोच. परंतु अपयशाचा स्वीकार केल्याबरोबर वाचकाचा प्रतिसाद हास्यात उतरतो आणि भय नाहीसे होते. पार्करविषयीच्या प्रतिसादात भयाचा वाटा किती मोठा आहे, हे ह्या तुलनेवरून ध्यानात येते.

६

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. ‘द हंटर’ मध्ये एक प्रसंग असा आहे : शत्रूच्या इमारतीवर नजर ठेवण्यासाठी पार्करला एका प्रसाधनगृहाची खिडकी हवी असते. तेथील स्त्रीला तो बांधतो आणि तिच्या तोंडात बोळा कोंबतो. तिला दम्याचा विकार असतो. ती गुदमरून मरते. तिला मारण्याचा पार्करचा हेतू नसतो. पण तिच्यासाठी तो शोकही करीत नाही, आणि निवेदकही करीत नाही. कथा पुढे जाते.

वाचक कोठे असतो? ऑर्वेलच्या मताप्रमाणे तो कथेबरोबर पुढे गेला पाहिजे, आणि काही वाचक तसे जातात हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हाच प्रसंग पुस्तक मिटल्यावर पुष्कळांच्या मनात सलत राहतो. ह्याची उपपत्ती भारतीय साहित्यशास्त्रातील एका संकल्पनेने नीट लागते. स्थायिभावाचा विषय अनुचित असला की रसाऐवजी रसाभास होतो, हे सर्वश्रुत आहे. रावणाच्या सीताविषयक रतीचा विचार करताना अभिनवगुप्ताने ‘लोचना’त शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्याचा दृष्टान्त दिला आहे. भास होतो त्या क्षणी रुपेच दिसते. शिंपल्याचे ज्ञान मागाहून होते. आस्वाद आधी, अनौचित्याचे भान नंतर, असा हा क्रम आहे. चोरनायकाच्या कथेतील उत्साह असाच प्रथम निर्भेळपणे आस्वादिला जातो. त्याच्या अनौचित्याची जाणीव काही अंतराने येते, आणि हे अंतर किती ठेवावयाचे हे लेखकाच्या हाती असते.

हॉर्नंगने ते अंतर शून्याजवळ आणले. प्रत्येक पावलाला बनीचा पश्चात्ताप उभा केला. त्यामुळे वाचकाची जाणीव स्वस्त झाली. ल्यूपँच्या कथेत अनौचित्यच पुसून टाकले. स्टार्कने मात्र ते अंतर ताणले आणि जाणीव करून देणारे कोणतेही पात्र मध्ये ठेवले नाही. त्याच्या अनेक कादंबऱ्यांची रचना चार भागांची असून त्यांतील एक भाग, बहुधा तिसरा, पार्कर सोडून इतरांच्या दृष्टीने सांगितलेला असतो. लुटले जाणारे, पाठलाग करणारे, दगा देणारे ह्यांच्या मनात वाचकाला काही काळ राहावे लागते. चौथ्या भागात पार्कर परत येतो तेव्हा वाचक त्याच्याकडे आता दुसऱ्या बाजूनेही पाहू शकतो. मदनिकेने विचारलेला प्रश्न येथे कोणी उच्चारीत नाही, पण तो विचारण्यास लागणारी जागा रचनेतच मोकळी ठेवली आहे.

१९२१ च्या बडोदे साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, पण स्वतःची भूमिका विसरत नाही, हे तिचे मर्म. चोरनायकाच्या कथेच्या संदर्भात ह्या कल्पनेला एक वेगळी धार येते. येथे विकल्प म्हणजे स्वत्वाचे केवळ भान नसून, भूमिकेने केलेल्या कृत्याचा झाडा देण्याची शक्यता होय. समाधी सविकल्प असेल तर प्रसाधनगृहातील स्त्री वाचकाच्या हिशेबात राहते. निर्विकल्प झाली तर ती गळून पडते, आणि मग ऑर्वेलचे म्हणणे खरे ठरते.

७

ह्यावर एक आक्षेप संभवतो. जी जाणीव लेखकाने व्यक्त केली नाही तिचे श्रेय त्याच्या कृतीला देणे म्हणजे वाचकाच्या सद्गुणावर लेखकाची पत वाढविणे नव्हे काय? हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. स्टार्कच्या गद्याचा वेग वाचकाला थांबू देत नाही. त्या स्त्रीचा मृत्यू अर्ध्यामुर्ध्या लक्षाने वाचून पुढे जाण्याची पुरेपूर सोय त्यात आहे, आणि मालिकेतील सर्वच कादंबऱ्यांत दुसऱ्या बाजूचे चित्रण सारख्याच ताकदीचे आहे असेही नाही. काही ठिकाणी इतरांच्या दृष्टीचा भाग केवळ कथानकाची उसंत म्हणून येतो. तथापि जेथे तो खरोखर माणसांच्या मनात शिरतो, तेथे कृतीनेच वाचकावर एक भार टाकलेला असतो; वाचकाने तो बाहेरून आणलेला नसतो. प्रत्येक कादंबरीचा निर्णय म्हणूनच स्वतंत्रपणे करावा लागतो.

पार्करच्या कादंबऱ्या मुळात स्वस्त कागदी बांधणीत खपल्या. २००८ पासून शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्यांचे पुनर्मुद्रण सुरू केले, आणि जॉन बॅनव्हिलसारख्या कादंबरीकाराने त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. विद्वत्तेच्या जगाने दिलेल्या ह्या मानामुळे कृतींचे मूळ स्वरूप बदलत नाही. उलट धोका असा की, शैलीच्या काटेकोरपणाचे कौतुक करता करता समीक्षक पहिल्या प्रश्नापाशीच थांबेल. भगदाड सुंदर आहे, हे म्हणणे खरे असते. परंतु चारुदत्त तेवढे म्हणून थांबला नाही. ठेव कोणाची गेली हे कळताच तो कोसळला, आणि त्याच्या रसिकतेचा कस तेथेच लागला.

वाचक चोराच्या बाजूने का उभा राहतो, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तो चोरीच्या बाजूने उभा नसतो. नेटके काम आणि त्या कामाचे फळ ह्यांच्या बाजूने तो उभा असतो. ही त्याची निष्ठा लाज वाटावी अशी नाही. तिच्या आड अपायाचा प्रश्न झाकला जातो की मागाहून उभा राहतो, एवढेच तपासण्याजोगे आहे. रॅफल्सचा लेखक तो प्रश्न वाचकासाठी सोडवून देतो, ल्यूपँचा लेखक तो मिटवून टाकतो, आणि पार्करचा लेखक तो अनुत्तरित ठेवून निघून जातो. ह्या तिहींत शेवटचा मार्ग सर्वांत निर्दय आहे. पण वाचकाला प्रौढ समजणाराही तोच आहे. अशा कथेवरील वाचकाच्या प्रतिक्रियेचे मोल ठरविताना, पुस्तक वाचताना त्याने काय इच्छिले एवढेच पाहून भागणार नाही. पुस्तक मिटल्यावर त्याला काय आठवत राहिले, हेही विचारावे लागेल.